झाडाची जखम भरून येत नाही

मे महिना सरत आला की नगर शहरात आणि तालुक्याच्या गावांत एक दृश्य हमखास दिसते. दुपारचे ऊन मी म्हणत असते. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली रसवंतीवाला, चपला शिवणारा आणि एसटीची वाट पाहणारी दोन-चार माणसे बसलेली असतात. तेवढ्यात ट्रॅक्टर-ट्रॉली येऊन थांबते. दोघे वर चढतात, एक जण खाली उभा राहून लोकांना बाजूला करतो. तासाभरात ट्रॉली भरते आणि सकाळी जिथे सावली होती तिथे चार उघडे खुंट उरतात. ‘पावसाळ्यात कुणाच्या डोक्यावर पडायला नको,’ असे सगळेच म्हणतात. त्यात खोटे काही नाही. जुलै 2017 मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा जीव गेला. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडून माणूस दगावल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात.

पण अशी छाटणी केल्याने ते झाड खरोखर सुरक्षित होते का? बहुतेक वेळा उलटेच घडते. आज उघडा केलेला खुंट काही वर्षांनी पोकळ होतो आणि त्यावर फुटलेली नवी फांदी जुनीपेक्षा लवकर मोडते. हे का होते, हे समजायला झाडाच्या शरीराची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

कुऱ्हाडबंदीचा जिल्हा

झाड वाचवण्याच्या बाबतीत अहिल्यानगर जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार या दोन गावांनी ‘कुऱ्हाडबंदी’ हा शब्द महाराष्ट्रभर नेला. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदान, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे नियम स्वतःला घालून घेतले. वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात उघडे डोंगर पुन्हा हिरवे झाले. त्याला पाणी अडवण्याइतकेच झाड न तोडण्याचे हे बंधनही कारणीभूत होते.

कुऱ्हाडबंदी ही पहिली पायरी होती. डोंगरावरच्या झाडाला माणसाचा हात लागला नाही तर ते बरे वाढते. गावठाणातल्या, शाळेच्या आवारातल्या, विजेच्या तारेखालच्या झाडाचे तसे नसते. तिथे खाली माणसे बसतात, वर तारा असतात आणि एका बाजूला भिंत असते. अशा झाडाला कधी ना कधी करवत लावावीच लागते. ती कुठे, किती आणि कुणी लावायची, ही दुसरी पायरी मात्र अजून चढायची आहे.

कातडी आणि साल

माणसाच्या हाताला कापले तर काही दिवसांत तिथे नव्या पेशी तयार होतात आणि जखम भरते. व्रण राहतो, पण मेलेल्या पेशींची जागा जिवंत पेशी घेतात. झाडात असे होत नाही. लाकडातल्या पेशी कडक भिंतींनी एकमेकींना जखडलेल्या असतात. कापलेल्या जागी त्या पुन्हा तयार होऊ शकत नाहीत. झाड आपली जखम भरत नाही. ते जखमेला आतून कोंडते आणि बाहेरून तिच्यावर नवे लाकूड चढवते. वरून साल जुळून आलेली दिसली तरी आतली जखम झाडाच्या आयुष्यभर तिथेच असते.

अमेरिकेच्या वन सेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून ही गोष्ट पाहिली आणि 1977 मध्ये सहकाऱ्यासह ती सविस्तर मांडली. त्यांच्या मांडणीनुसार जखम झाली की झाड चार तट उभे करते. पहिला तट वर-खाली जाणाऱ्या नलिका बंद करतो. दुसरा कूज गाभ्याकडे जाऊ देत नाही, तिसरा ती आजूबाजूला पसरू देत नाही. चौथा तट जखमेनंतर तयार झालेल्या नव्या लाकडाचा असतो आणि तो सर्वांत पक्का असतो. क्षयरोगाचे जंतू फुप्फुसात शिरले की शरीर अनेकदा त्यांना मारू शकत नाही, पण त्यांच्याभोवती पेशींची भिंत घालून त्यांना कोंडून ठेवते. झाडाचे संरक्षण साधारण याच जातीचे आहे.

क्षयाचेच उदाहरण पुढे नेता येईल. माणूस उपाशी राहिला, अशक्त झाला की कोंडलेले जंतू डोके वर काढतात. झाडाचेही तसेच आहे. तट उभे करायला साठवलेले अन्न लागते, अन्नासाठी पाने लागतात आणि पानांना पाणी लागते. दुष्काळाच्या वर्षी, पाने ओरबाडलेल्या अवस्थेत, एकाच वेळी दहा जखमा झालेले झाड तट पुरते बांधूच शकत नाही. मग बुरशी आत शिरते आणि खोड पोकळ होऊ लागते. बाहेरून ते दिसायला काही वर्षे जातात.

नेमके कुठे कापायचे

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे नीट पाहिले तर एक फुगीर कडे दिसते. शर्टाच्या कॉलरसारखे ते फांदीच्या बुडाला वेढलेले असते. झाडाची तटबंदी करणाऱ्या पेशी इथे जास्त असतात. म्हणून फांदी या कड्याच्या लगेच बाहेर कापायची, कडे खोडावर ठेवायचे. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे काम नीट होते.

चुका दोन प्रकारच्या होतात. ‘साफ’ दिसावे म्हणून फांदी खोडाला अगदी सपाट घासून कापली जाते. त्यात कडे उडते, जखम दुप्पट मोठी होते आणि बुरशीला थेट खोडात वाट मिळते. दुसरी चूक म्हणजे हातभर खुंट ठेवणे. खुंटाला पाने नसतात, त्यामुळे तो वाळतो आणि कुजतो. त्याच्यावर नवी साल चढू शकत नाही आणि कूज हळूहळू खोडात उतरते.

जड फांदी एका घावात कधीच कापू नये. ती अर्धी कापली जाते तोच स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि खोडाची साल लांबवर सोलून नेते. योग्य पद्धत तीन कापांची आहे. खोडापासून फूटभर अंतरावर पहिला काप खालून, थोडासाच घ्यायचा. दुसरा काप त्याच्या थोडे पुढे वरून घ्यायचा, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने कड्यापाशी काढायचा.

कापल्यावर डांबर, ऑइल पेंट किंवा गेरू फासण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यामागचा हेतू चांगला असतो, पण असा लेप कूज थांबवत नाही, हे अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून दिसले आहे. काही वेळा लेपाखाली ओल टिकते आणि बुरशीचे फावतेच. रस्त्याकडेच्या झाडाला स्वच्छ, योग्य जागी घेतलेला काप हाच सर्वांत चांगला उपचार ठरतो.

शेंडा उडवला की

सर्वांत जास्त नुकसान करणारी छाटणी म्हणजे झाडाचे मुंडण. सगळ्या मोठ्या फांद्या एका उंचीवर तोडायच्या, म्हणजे दोन-तीन वर्षे पाहायला नको, असा त्यामागचा हिशेब असतो. झाड मात्र वेगळा हिशेब करते. पाने म्हणजे त्याचे स्वयंपाकघर. ते एका दिवसात गेल्यावर झाड लाकडात साठवलेले पिष्ट वापरून जिवाच्या आकांताने धुमारे फोडते. एकेका खुंटावर दहा-वीस धुमारे येतात. लोकांना वाटते, ‘बघा, कसे जोमाने फुटले!’ खरे तर ती ठेव मोडून भागवलेली गरज असते.

हे धुमारे सालीच्या लगतच्या थरातून निघतात. नैसर्गिक फांदी वर्षानुवर्षे खोडाच्या लाकडात गुंतत जाते. धुमाऱ्याला तशी खोल पकड नसते. तो भराभर वाढतो आणि जड होतो, पण ज्या खुंटावर उभा असतो तो आतून कुजत असतो. काही वर्षांनी वळवाचा वारा येतो तेव्हा तो पूर्ण फांदीच्या वजनाने खाली येतो. माणसांच्या सुरक्षेसाठी केलेले मुंडण अशा रीतीने धोकाच वाढवून ठेवते.

जबाबदार छाटणीत आधी वाळलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढतात. त्यानंतरही गरज असेल तरच जिवंत फांद्यांना हात लावतात. एका वेळी एकूण पालवीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हाताऱ्या झाडाला आणि दुष्काळाच्या वर्षी त्याहूनही कमी. तारेखालच्या झाडाची फांदी मधेच तोडण्याऐवजी, तारेपासून दूर जाणाऱ्या उपफांदीपर्यंत मागे कापतात. म्हणजे पुढची वाढ आपोआप तारेला सोडून होते आणि दरवर्षी करवत लावावी लागत नाही.

डाळिंबाच्या बागेला माहीत असलेले

यातले बरेचसे ज्ञान जिल्ह्याला नवे नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर भागातल्या डाळिंब बागायतदाराला छाटणी म्हणजे काय ते पक्के ठाऊक असते. कोणती काडी ठेवायची, कोणती काढायची, कात्रीला धार कशी हवी, हे तो जाणतो. तेल्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून तो कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घेतो. कृषी संशोधकांची तशी शिफारसच आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत उपकरणे निर्जंतुक करतात, त्यामागचे तत्त्व हेच. बागेतल्या ठरावीक रोगांसाठी कापाच्या टोकांना लावली जाणारी बोर्डो पेस्टही त्या व्यवस्थेचा भाग आहे. रस्त्यावरच्या डांबराशी तिची गल्लत करू नये.

मात्र त्याच गावात चौकातल्या कडुनिंबाची वेळ आली की हे ज्ञान बाजूला राहते. डाळिंबाचे पीक हातात येते, कडुनिंबाच्या सावलीचे पैसे कुणाला मिळत नाहीत. आणखी एक अडचण आहे. जिथे छाटणीची मजुरी कापलेल्या लाकडातूनच भागवली जाते, तिथे जाड फांदीला भाव असतो आणि वाळक्या काटक्यांना नसतो. मग काय कापले जाणार, हे सांगायला नको. ऑपरेशन किती मोठे करायचे हे काढलेल्या अवयवाच्या वजनावर ठरू लागले तर कोणता रुग्ण सुरक्षित राहील? छाटणीचा मोबदला कामाचा असावा, लाकडाचा नसावा. शाश्वत निगा म्हणायची तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

पेमगिरी, हावडा आणि सलाईनच्या बाटल्या

संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा महावटवृक्ष पाहायला लांबून माणसे येतात. त्याचा विस्तार एकरांच्या हिशेबात सांगावा लागतो. वडाला एवढे पसरता येते ते पारंब्यांमुळे. फांदी लांबत जाते तशी तिच्यातून पारंबी खाली येते, जमिनीत रुजते आणि जाड होऊन खांबासारखी फांदीला तोलून धरते. म्हणजे लोंबती पारंबी हा उद्याचा खांब असतो. गावोगावच्या वडांच्या पारंब्या मात्र रहदारीला आडव्या येतात म्हणून कापल्या जातात, नाहीतर झोके घेऊन ओरबाडल्या जातात. वरची फांदी वाढतच राहते आणि खालचा आधार कधी तयारच होत नाही. मग एक दिवस ती फांदी मोडते.

झाडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे नामवंत उदाहरण हावड्याच्या वनस्पती उद्यानात आहे. तिथला अडीचशे वर्षांहून जुना वड 1864 आणि 1867 च्या चक्रीवादळांत सापडला. फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि मूळ खोड कुजू लागले. अखेर 1925 मध्ये सुमारे 50 फूट घेराचे ते मुख्य खोडच काढून टाकण्यात आले. गँगरीन झालेला पाय कापून रुग्ण वाचवावा तसे हे होते. वड आजही जिवंत आहे आणि पसरतो आहे, कारण तोवर त्याच्या पारंब्यांची खोडे झाली होती. वादळातल्या जखमेपासून खोड काढण्यापर्यंत जवळजवळ साठ वर्षे गेली. झाडाचा आजार इतका सावकाश चालतो. आज नगरच्या रस्त्यावर चुकीच्या जागी घेतलेल्या कापाचा हिशेब कदाचित पुढची पिढी चुकती करील.

दुसरे उदाहरण तेलंगणातल्या महबूबनगरजवळच्या ‘पिल्ललमर्री’ या सातशे वर्षांच्या मानल्या जाणाऱ्या वडाचे. वाळवीने पोखरल्यामुळे त्याची फांदी कोसळली, तेव्हा पर्यटकांना प्रवेश बंद करण्यात आला. 2018 मध्ये वन विभागाने कीटकनाशकाचे पातळ द्रावण सलाईनच्या बाटल्यांतून थेंबथेंब झाडात सोडले. बाटल्या टांगलेल्या वडाचे छायाचित्र देशभर गाजले. पण उपचार तेवढाच नव्हता. जड फांद्यांना खालून आधाराचे खांब दिले गेले, मुळांशी नवी माती आणि खत घातले गेले. फांद्यांवर बसणे आणि लोंबकळणे थांबले, हेही महत्त्वाचे होते. रुग्णालयातही लोकांचे लक्ष सलाईनकडे असते. रुग्ण बरा होतो तो विश्रांती, आहार आणि स्वच्छतेमुळेही.

मुळांचा श्वास

झाडाची मुळे शेंड्याएवढीच खोल जातात, असा सार्वत्रिक समज आहे. आधारासाठी काही मुळे खोल जातात हे खरे. पण पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले, सिमेंट ओतले किंवा जमीन गाड्यांनी चेपली की मुळे गुदमरतात. गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटली की झाड त्या बाजूने अधू होते. वर सगळे हिरवे दिसते आणि पहिल्या मोठ्या पावसात, माती भिजल्यावर, झाड मुळासकट आडवे होते.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. आपल्याकडच्या जुन्या दगडी पारात सांधे मोकळे असत, पाणी आणि हवा आत जाई. आताचे सिमेंटचे कट्टे बुंध्याला घट्ट आवळतात. पार बांधायचाच असेल तर बुंध्याभोवती मोकळी माती ठेवावी आणि भराव घालून बुंध्याचा तळ गाडू नये.

खिळे ठोकून लावलेल्या पाट्या, गळ्यात रुतलेल्या तारा, कधीच न काढलेले लोखंडी ट्री गार्ड आणि बुंध्याशी पेटवलेला कचरा हीही जखमांचीच रूपे आहेत. सालीखालचा वाढीचा थर कागदासारखा पातळ असतो. कचऱ्याची आग तो एका संध्याकाळी मारून टाकते. छाटलेला पाला पेटवणेही तितकेच वाईट. त्याचा धूर दमेकऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या छातीत जातो. तोच पाला आळ्यात, बुंध्यापासून वीतभर अंतर ठेवून पसरला तर ओल टिकते.

झाडावर चढलेला माणूस

या सगळ्यात ज्याचा विचार सर्वांत कमी होतो, तो म्हणजे वर चढलेला कामगार. अनेकदा त्याच्या कमरेला साधा दोरही नसतो. उंचावरून पडल्याने मणक्याला आणि डोक्याला होणारी इजा, विजेचा धक्का, करवतीची जखम आणि आग्यामोहोळ उठणे, हे या कामातले चार मोठे धोके. यांत्रिक करवतीचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो आणि रोजच्या कामाने ऐकू येणे कमी होते. तिच्या कंपनांनी बोटांचा रक्तपुरवठा बिघडून बोटे पांढरी पडण्याचा, बधिर होण्याचा विकारही होतो.

जबाबदार कामाची ओळख साधी आहे. हेल्मेट, चष्मा, कानांचे संरक्षण, अंगाला पट्टा आणि झाडाला स्वतंत्र बांधलेला दोर. खाली रिकामी केलेली जागा आणि सतत लक्ष ठेवणारा एक माणूस. तार जवळ असेल तर महावितरणने पुरवठा बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय फांदीला हात न लावणे. ओली फांदी वीज वाहून नेते, त्यामुळे ‘तारेला शिवत नाही, नुसती जवळ आहे’ या भरवशावर राहू नये. यांत्रिक करवत शिडीवर उभे राहून चालवू नये.

तरीही अपघात झालाच तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नये. मान आणि पाठ सरळ ठेवून, फळीवरूनच हलवावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. विजेचा धक्का बसलेल्याला पुरवठा बंद झाल्याशिवाय शिवू नये. त्यानंतर श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. आणि पहिल्याच मिनिटाला 108 ला फोन करावा.

कायदा आणि वीस वर्षांनंतरची सावली

महाराष्ट्रात नागरी भागासाठी झाडांच्या जतनाचा कायदा 1975 पासून आहे. त्यात झाड ‘तोडणे’ या शब्दात जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हेही येते. म्हणजे मनमानी मुंडणही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. पण पन्नास रोपे मिळून एका पन्नास वर्षांच्या वडाची सावली उद्या देऊ शकत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार सावलीतला पृष्ठभाग उन्हात तापलेल्या पृष्ठभागापेक्षा 11 ते 25 अंश सेल्सिअसने थंड असू शकतो. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या जिल्ह्यात रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी, शाळेतून चालत घरी जाणाऱ्या मुलांसाठी आणि बाजाराला आलेल्या म्हाताऱ्यांसाठी हा फरक उष्माघात होण्या न होण्याचा असू शकतो.

लहानपणी दिलेली लस मोठेपणचा आजार टाळते, तशी रोपाची पहिली काही वर्षे महत्त्वाची असतात. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. लावलेल्या प्रत्येक रोपाला नंतर कुणीतरी पाहावे लागते. दोन शेंडे एकमेकांना घट्ट चिकटून वाढत असतील तर त्यातला एक लहानपणीच काढावा. आज अंगठ्याएवढी फांदी कात्रीने काढली तर ती जखम थोड्याच काळात झाकली जाते. तीच फांदी वीस वर्षांनी मांडीएवढी झाल्यावर कापली तर ती जखम कदाचित कधीच झाकली जाणार नाही. तारेखाली मुळात उंच वाढणारे झाड न लावणे, ही तर सर्वांत स्वस्त छाटणी.

दिल्ली आणि चेन्नईसारख्या शहरांत झाडांसाठी रुग्णवाहिका फिरल्या आहेत. प्रत्येक नगरपालिकेला ते जमेल असे नाही, आणि गरजही नाही. पावसाळ्याच्या बरेच आधी झाडांची पाहणी, कोणत्या झाडाची कोणती फांदी काढायची याची लेखी नोंद आणि काम करणाऱ्या चार-सहा जणांना रीतसर प्रशिक्षण, एवढे नक्की जमू शकते. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, गावोगाव छाटणीत मुरलेले हात आहेत. कुऱ्हाड खाली ठेवायला शिकलेल्या जिल्ह्याला करवत नीट धरायला शिकणे अवघड जाऊ नये.

हे लक्षात ठेवा

- बुंध्याशी उगवलेली कडक, फळीसारखी बुरशी, खोडाला नव्याने पडलेली भेग, एका बाजूला वाळत गेलेला शेंडा, अचानक आलेला कल किंवा बुंध्याजवळ उचललेली माती दिसली तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला लगेच कळवा.
- ढोली आहे म्हणून झाड तोडायची घाई नको. पोकळ हाड जसे भक्कम असते, तसे भोवतीचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल तर पोकळ खोडही उभे राहते. जाणकाराकडून तपासून घ्या. ढोलीत पिंगळा, पोपट राहत असतात.
- छाटणीआधी घरटी पाहा. उन्हाळा आणि पावसाळा हा अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो.
- शहरात छाटणीला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या. काम देताना ‘किती कापणार’ यापेक्षा ‘कोणती फांदी, कुठे आणि का’ हे विचारा.
- शेंडा उडवू नका, खुंट ठेवू नका, साल सोलू देऊ नका.
- बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी भरपूर पाणी घाला.
- दोराशिवाय, हेल्मेटशिवाय कुणालाही झाडावर चढवू नका, तो घरातला असो वा मजूर.